यमक जुळतं, तरी कविता मनात का राहत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी छंदात लिहितो. अक्षरं-मात्रा मोजून बघतो, यमकं चुकत नाहीत. तरी ऐकणारे म्हणतात, गोड आहे, पण मनात राहत नाही. यमक आणि रचना अर्थाला बळ देतात असं वाचतो, ते नेमकं कसं? की सरळ मुक्तछंदाकडे वळू?"

मुक्तछंदाचं शेवटी बोलू. आधी आपल्या भाषेची एक सोय सांगतो, कारण तुमची अडचण मला तिथेच दिसते. मराठीत यमक फार स्वस्त आहे. आपली भाषा प्रत्ययांची. घराला, दाराला, मनाला. जातो, येतो, गातो. कालची, आजची, उद्याची. शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी शेपट्या जुळतात. त्यामुळे यमक न चुकणं ही मराठीत फारशी मोठी कमाई नाही. जुळलेल्या दोन शब्दांमध्ये अर्थाचं काही घडतं का, ते बघायचं.

यमक म्हणजे दोन शब्दांची सोयरीक. अर्थ डोक्यात उतरायच्या आधीच कान त्या दोन शब्दांना एकमेकांशेजारी बसवतो, आणि मग मन नकळत विचारतं, यांचं नातं काय? नातं सापडलं की ओळ आत जाऊन बसते. सापडलं नाही तर नाद तेवढा उरतो, आणि नाद तासाभरात विरतो.

तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला अभंग घेऊ. पाठ असल्यामुळेच त्याच्या बांधणीकडे आपलं लक्ष जात नाही.

जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥
तो चि साधु ओळखावा । देव तेथें चि जाणावा ॥

हा लहान अभंग. आठ अक्षरं, आठ अक्षरं, आणि दोन्हींच्या शेवटी यमक. बोटांवर मोजा: जे-का-रं-ज-ले-गां-ज-ले, आठ. त्या-सि-म्ह-णे-जो-आ-पु-ले, आठ. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या वजनाच्या. आता यमक बघा, ‘गांजले’ आणि ‘आपुले’. ज्यांना कोणी जवळ करत नाही ते, आणि आपली माणसं. व्यवहारात हे दोन गट एका पंक्तीला बसत नाहीत. यमकाने त्यांना बसवलं. साधू जे काम करतो म्हणून तुकोबा सांगतात, ते काम त्या दोन चरणांनी आधीच करून टाकलं आहे. ‘जवळ घे’ असा उपदेश न करता त्यांनी शब्दच जवळ आणले.

याच अभंगात पुढे आहे:

दया करणें जें पुत्रासी । ते चि दासा आणि दासी ॥

‘पुत्रासी’ आणि ‘दासी’. पोटचा मुलगा आणि घरात राबणारी बाई यांना एका यमकात ओवलं. शिवाय ‘पुत्रासी’मधला ‘सी’ हा प्रत्यय आहे आणि ‘दासी’मधला ‘सी’ शब्दाचाच भाग आहे. ‘गांजले-आपुले’मध्येही एक शब्द धातूपासून आलेला, दुसरा मालकी सांगणारा. आपण मघाशी बघितलेली स्वस्त यमकं एकाच जातीच्या शब्दांची असतात: क्रियापदाला क्रियापद, ‘ला’ला ‘ला’. जात बदलली की कान दचकतो, आणि दचकलेला कान अर्थ शोधायला लागतो. वही उघडून आधी हे तपासा. तुमची यमकं एकाच जातीची किती आहेत?

याचा अर्थ एकाच जातीचं यमक वाईट असतं असा मात्र नाही. ‘ओळखावा-जाणावा’ ही दोन्ही एकाच जातीची क्रियापदं आहेत. पण साधू ओळखणं आणि देव जाणणं ही एकच क्रिया आहे, हेच तिथे म्हणायचं आहे. सारखेपणा सांगायचा असतो तेव्हा सारख्या जातीचं यमक नेमकं बसतं. पसायदानात तर ज्ञानदेवांनी या सारखेपणाचा फार मोठा उपयोग केला आहे.

दुरितांचें तिमिर जावो । विश्व स्वधर्मसूर्यें पाहो ।
जो जें वांछील तो तें लाहो । प्राणिजात ॥

ओवीची घडण अशी: तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेर. जावो, पाहो, लाहो. तीन मागण्या, तिन्ही एकाच सुरात, जणू हात तीनदा जोडले. तिसरं यमक ऐकून झाल्यावर कान चौथ्याची वाट बघत असतो आणि तिथे येतं ‘प्राणिजात’. यमक नाही, क्रियापद नाही, चार अक्षरं फक्त. मागणं कोणासाठी आहे ते इथे कळतं. माझ्यासाठी नाही, माझ्या गावासाठी किंवा पंथासाठी नाही, जेवढं म्हणून जिवंत आहे तेवढ्या सगळ्यासाठी. ओवीचा हा यमकाबाहेरचा चौथा चरण म्हणजे मोकळी ठेवलेली जागा आहे. तिथे जो शब्द ठेवाल तो ऐकू येणारच, कारण तो नादाच्या ओघात वाहून जात नाही.

मोडून बघितलं की हे पटतं. समजा चौथा चरण ‘जीव अवघा सुखें राहो’ असा असता. अर्थ जवळजवळ तोच आहे आणि यमकही पक्कं आहे. पण आता ती चार मागण्यांची यादी झाली. चौथी मागणी पहिल्या तिघींत मिसळून गेली आणि ‘प्राणिजात’चा विस्तार हरवला. मी शिकवताना हा प्रयोग नेहमी करून घेतो. चांगल्या कवितेतली एक जोड सोडवा, तिथे दुसरं काहीतरी बसवा आणि काय गेलं ते बघा. रचना काय काम करत होती, ते ती मोडल्यावर दिसतं.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत हेच आहे: ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’. पहिली तीन संबोधनं ‘द्या’वर जुळतात आणि ‘आत्मरूपा’ एकटं उभं राहतं. ज्या ग्रंथाचा सगळा रोख त्या एका शब्दाकडे आहे, त्या ग्रंथाने १२९० साली तो शब्द असा सुटा ठेवून सुरुवात केली.

मोठ्या अभंगात यमकाची जागा निराळी. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, म्हणजे ओळीच्या मधोमध.

सुंदर तें ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां ॥

‘विटेवरी’वर थांबता आणि लगेच ‘कटावरी’. नजर पायाखालच्या विटेवरून कमरेवर चढते आणि ही चढण यमकाच्या दोन पायऱ्यांनी होते. मग ‘ठेवोनियां’. वाक्य इथे संपत नाही, ते रूप तसंच धरून ठेवलेलं राहतं. भजनात म्हणताना इथून पुन्हा ‘सुंदर तें ध्यान’वर यावंच लागतं, तेव्हाच वाक्य पुरं होतं. गाण्याची रीत आणि वाक्याची घडण अशी एकमेकींत अडकवलेली आहे.

त्याचा शेवट असा:

तुका म्हणे माझें हें चि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीनें ॥

‘सुख’ आणि ‘श्रीमुख’. इथे समजावून सांगायला फार काही उरत नाही. ‘सुख’ हा सगळा शब्द, त्यातला आद्य वर्ण तेवढा बदलला की ‘मुख’. सुख कशात आहे याचं उत्तर यमकातच देऊन ठेवलं आहे. आणि दुसऱ्या कडव्यातलं ‘आवडे निरंतर’ चौथ्यात ‘आवडीनें’ होऊन परत येतं, तेही यमकाबाहेरच्या त्या चार अक्षरांच्या मोकळ्या जागेत. (अक्षरं मोजणाऱ्यांसाठी: ‘तुळसीहार गळां’ सात भरतं, ‘आवडे निरंतर’ही सात. अक्षरछंदात एखादं अक्षर गळ्यात मुरून जातं. त्यासाठी जिवंत शब्द कापू नका.)

आता बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर ती पुस्तकरूपाने आली. रचनेची जाण पुस्तकातूनच येते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर

आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे. ‘संसार’, ‘चुल्ह्यावर’, दोन्ही ‘र’वर टेकतात. तिसरा तुकडा ‘चटके’वर संपतो आणि यमक तुटतं. कानाला अपेक्षित होतं ते मिळत नाही, तिथे चटकाच बसतो. मग ‘भाकर’ येते आणि तिच्याबरोबर यमक परत येतं. आधी त्रास, मग मिळकत हा जो क्रम त्या सांगतात, तोच क्रम ऐकणाऱ्याचा कानही भोगतो. ‘आधी’ आणि ‘तंव्हा’ हे दोन शब्द काढून टाकले तरी यमकाच्या चालीवरून क्रम कळेल.

‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर’ हीही तशाच आठ-आठ अक्षरांत आहे, पण तिथे शब्दच परततो. दुसऱ्या तुकड्यात ‘पिकातलं’, चौथ्यात ‘पिकावर’. ढोर हाकलून दिलं, मधे एक तुकडा गेला, आणि ओळ फिरून पिकावर आली.

गणवृत्तांबद्दल, म्हणजे लघु (ऱ्हस्व) आणि गुरु (दीर्घ किंवा जोडाक्षराआधीचं) अक्षरांचा क्रम ठरलेला असतो अशा वृत्तांबद्दल, थोडंच सांगतो. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. लघु-गुरु-गुरु असं चार वेळा, बारा अक्षरं, आणि हा ठेका २०५ श्लोकांभर चालतो. यमक शेवटी आहेच, पण मला त्यातली आतली जोड जास्त मोलाची वाटते: ‘जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें । जनीं वंद्य तें सर्व भावें करावें’. ‘निंद्य’ आणि ‘वंद्य’ दोन ओळींत अगदी एकाच ठिकाणी येतात. आजूबाजूचं सगळं सारखं, त्यामुळे जो फरक आहे तो झटकन उठून दिसतो. वृत्त घट्ट असण्याचा हा फायदा आहे. साचा स्थिर राहिला की छोटासा बदलही मोठा ऐकू येतो.

मग साचाच अर्थ ठरवतो का? करुणेला हा छंद, वीराला तो, अशा याद्या जुन्या पुस्तकांत मिळतात. मला त्या पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते दोन कवितांवरून दाखवतो. केशवसुतांची ‘तुतारी’ १८९३ सालची.

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणानें
भेदुनि टाकिन सगळीं गगनें
दीर्घ जिच्या त्या किंकाळीनें
अशी तुतारी द्या मजलागुनी

आठ मात्रा आणि आठ मात्रा (लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन), आपलं ओळखीचं पादाकुलक. आता त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आलेले मर्ढेकर:

पिपांत मेले ओल्या उंदिर
माना पडल्या, मुरगळल्याविण
ओठांवरती ओठ मिळाले
माना पडल्या, आसक्तीविण

मोजून बघा. ‘पिपांत मेले’ आठ, ‘ओल्या उंदिर’ आठ. तोच साचा. एकात हाक आहे, दुसऱ्यात मढी मोजली जातात. मग फरक कुठून आला? शेवटांकडे बघा. केशवसुतांच्या मधल्या तीन ओळी ‘णानें’, ‘गनें’, ‘ळीनें’ अशा दीर्घ स्वरावर संपतात. श्वास लांबवता येतो, फुंकल्यासारखा. मर्ढेकरांची यमकं ‘विण’वर संपतात, लघु आणि पुन्हा लघु. ओळ लांबवायला जागाच नाही, ती तिथेच बंद होते. शिवाय ‘विण’ हा नकार आहे. यमकाच्या जागी, म्हणजे कान जिथे काहीतरी मिळण्याची वाट बघतो तिथे, ‘नाही’ ठेवलं. ‘मुरगळल्याविण’ आणि ‘आसक्तीविण’ यांची जोड तर अंगावर येते. मरताना कोणी मारलंही नाही आणि ओठ मिळाले त्यात ओढही नव्हती. मृत्यू आणि शृंगार दोन्ही सारखेच रिकामे, हे त्या यमकाने सांगितलं.

‘तुतारी’ची दुसरी गंमत तिच्या कडव्यात आहे. पहिल्या ओळीत मागणी, मधल्या तीन ओळी एका यमकात सलग, आणि पाचवीत पुन्हा मागणी, पहिलीशी यमक जुळवून. कवीच्या हातात तुतारी अजून आलेली नाही. मधल्या तीन ओळींत तिचा आवाज आपण ऐकतो तो त्याच्या कल्पनेत. दोन्ही बाजूंनी ‘द्या मज’, ‘द्या मजलागुनी’ असा मागणीचा वेढा आहे. तो नसता तर कविता बढाई झाली असती.

बालकवींच्या ‘औदुंबर’वर तर मी तासभर बोलू शकतो, पण एकच जागा दाखवतो. आठ ओळी, दोन-दोनच्या जोड्या. मधल्या चार अशा:

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे

बाकीच्या जोड्यांचं यमक वेगवेगळं आहे. इथे मात्र चारही ओळी ‘डे-ढे’वर आहेत आणि पहिल्या-शेवटच्या ओळीत ‘कडे’ हाच शब्द आहे. एक ‘कडे’ टेकडीवरच्या वस्तीकडे नेतो, दुसरा काळ्या डोहाकडे. मधे पायवाट आहे. ती वस्तीपासून डोहापर्यंत कशी जाते ते कवीने चित्रात दाखवलं आहेच, पण यमकानेही तीच वाट घातली आहे. ‘कडे-पुढे-पडे-कडे’ म्हणत म्हणत आपण नकळत हिरव्यातून काळ्यात येतो. उदास हा शब्द त्या आठ ओळींत कुठेही नाही, आणि तरी वाचणाऱ्याला उदास वाटतं. माझ्या मते त्याचं मोठं कारण या चार ओळींच्या सलग यमकात आहे.

आता तुमच्या कवितेकडे येतो. आईच्या मागे बंद पडलेल्या घरावरची आहे, आणि तुम्ही या दोन ओळी पाठवल्या आहेत: ‘आठवणींच्या अंगणात मी रोज सांजवेळी येतो, तुझ्या हातच्या मोगऱ्याचा गंध मनात भरून घेतो’. दुःख खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ‘येतो’ आणि ‘घेतो’ दोन्ही तुमच्याच क्रिया. यमकाच्या दोन्ही जागा ‘मी’ने अडवल्या आहेत आणि आईला तिथे जागा मिळालेली नाही. शिवाय सांजवेळ, मोगरा, आठवणींचं अंगण हे शब्द इतक्या कवितांतून फिरून आले आहेत की त्यांत तुमची आई दिसत नाही.

अशा वेळी यमकापासून सुरुवात करू नका, वस्तूपासून करा. त्या घरातली एक वस्तू घ्या, जी फक्त तिची होती. समजा, किल्ली. कमरेला खोचलेली. मग ‘किल्ली’ला जुळणारे शब्द मनात येऊ द्या. बल्ली, गल्ली, दिल्ली हे निव्वळ नाद. ‘हल्ली’ आला की थांबा. किल्ली ही वस्तू, हल्ली हा काळ. शब्दांची जात वेगळी आणि अर्थाचं नातंही आहे, कारण किल्ली तुमच्याकडे ‘हल्ली’च आली आहे.

माझ्या खिशामध्ये हल्ली । तुझ्या कमरेची किल्ली

आठ आणि आठ, लहान अभंगाचा साचा. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या असल्यामुळे ‘माझ्या-तुझ्या’, ‘खिसा-कमर’ समोरासमोर येतात. ‘किल्ली’ शेवटी ठेवली, कारण खिशात काय आहे हे शेवटपर्यंत कळू नये. उलटं करून म्हणून बघा: ‘तुझ्या कमरेची किल्ली । माझ्या खिशामध्ये हल्ली’. यमक तेच, अक्षरं तीच, पण आता ती नुसती माहिती झाली. या ओळी तुम्ही वापरा असं मी म्हणत नाही. किल्ली मी कल्पनेने घेतली, तुमच्या आईची वस्तू तुम्हालाच माहीत.

दुरुस्ती करताना आणखी एक बघा. मात्रा भरायला घातलेले ‘ते’, ‘हा’, ‘तो’, ‘गं’, ‘रे’ यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. तुकोबांच्या ‘तो चि’मधला ‘चि’ अर्थासाठी आहे, तोच साधू, दुसरा कोणी नाही. तुमचा ‘च’ अर्थासाठी आहे की आठवं अक्षर भरायला आहे, हे तुम्हाला मोठ्याने म्हणताना लगेच कळेल, कारण भरतीच्या शब्दावर आवाज आपोआप हलका होतो.

आणि मुक्तछंद. जरूर लिहा, पण रचनेतून सुटका म्हणून त्याकडे जाऊ नका. तिथे यमकाचं काम ओळ तोडण्याच्या जागेला करावं लागतं. ‘बाबा गेले कामावर’ हे एक साधं वाक्य. तेच असं लिहिलं:

बाबा गेले
कामावर

तर पहिल्या ओळीच्या शेवटी क्षणभर काळजात धस्स होतं आणि दुसऱ्या ओळीत जीव भांड्यात पडतो. शब्द एकही बदलला नाही. हे धस्स होणं कवितेला हवं असेल तरच तिथे तोडा. उगीच तोडलं तर जुळवलेल्या यमकाइतकंच ते पोकळ वाजतं. म्हणून माझं सांगणं असं की आधी वर्षभर ओवी आणि अभंग लिहा, त्यातही चौथ्या चरणाच्या मोकळ्या जागेवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. त्या जागेत कोणता शब्द ठेवायचा हे ठरवता यायला लागलं, की मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची हे वेगळं शिकावं लागत नाही.